लोकेश मॅडम

पहिलीची लेकरं लोकेशला मॅडम म्हणत. त्यांचा काय दोष? अंगणवाडीपासून शिकवायला बाईच पाहिलेली. मिशीवाली मॅडमही असू शकते, हे त्यांनी दोन दिवसांत मान्य करून टाकलं. पचलं नाही ते मोठ्यांना.

त्याला या वाटेला लावलं मुख्याध्यापिका अल्का मॅडमनी. गेल्या वर्षी एका डी.एड. कॉलेजात जाऊन त्या पोरांना म्हणाल्या होत्या, "लहान वर्गांत आता बायकाच उरल्या. माणूसही मायेनं वागतो, हे लेकरांना दिसू द्या ना रे." बाकीची पोरं खी खी हसली. एकटा लोकेश हसला नाही. आपलं गाव केशोरी सोडून त्यानं मॅडमच्या शाळेच्या गावी, मुर्रीत, खोली केली आणि पहिलीचा वर्ग मागून घेतला. त्याचे वडील, यादोराव, फोनवर म्हणाले, "पोट्ट्यायचे शेंबूड पुसाले शिकला का रे तू?"

त्यानं खरंच शेंबूड पुसले. सुटलेल्या वेण्या बांधल्या, रडणाऱ्याला मांडीवर घेऊन 'क' गिरवून घेतला. आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

पोळ्याच्या आठवड्यात कुणीतरी त्याचा वेणी बांधतानाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ होती : 'लहान पोरींच्या वर्गात माणूस कायले?' झालं, जो तो बोलायला लागला. लोकेश वाईट वागला असं कुणीही म्हणालं नाही. तसं म्हणायची गरजच पडली नाही, एवढी ती ओळ पुरेशी होती.

अल्का मॅडमनी त्याला बोलावलं, पण नजर टेबलावरच ठेवली. "शनिवारी पालकसभा आहे, लोकेश सर. तोवर एकाही लेकराला हात लावू नका. काही झालं तर देवकाबाईला हाक मारा. नाहीतर पहिली काढून घ्यावी लागेल मला."

"माझं चुकलं काय, मॅडम?"

"काहीच नाही. म्हणून तर सांगून राहिली."

तीन दिवस लोकेशनं हात पाठीमागे बांधून शिकवलं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्याच्या वर्गातली खुशी पायरीवरून तोंडावर पडली. हनुवटी फुटली, रक्त फ्रॉकवर आलं. ती उठली ती सरळ त्याच्याकडेच धावली, दोन्ही हात वर करून.

"मॅडम!"

लोकेश वाकलाही होता. तेवढ्यात फाटकापाशी उभ्या दोन बाया त्याला दिसल्या, आणि तो एक पाऊल मागे सरला.

"देवकाबाई! ओ देवकाबाई!"

शाळेतली सगळी वरची कामं एकटी पाहणारी देवकाबाई मागच्या नळावर होती. तिला यायला वेळ लागला. तेवढा वेळ खुशी हात वर करून उभी होती. मग तिनं ते आपणच खाली घेतले. लोकेशला स्वतःची शिसारी आली, तरी त्यानं पाठीमागचे हात सोडले नाहीत.

शनिवारी सभेत खुशीची आई रुख्मा उभी राहिली.

"माही पोरगी रक्तानं भरली होती," ती म्हणाली. "तरी या सरनं बोट नाही लावलं. आमच्या शेजारणीनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. असा सरळ माणूस भेटते का कुठी? राहू द्या त्याईले पहिलीवर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अल्का मॅडमचा जीव भांड्यात पडला. लोकेशला वाटलं, उठून सांगावं, बाई, त्याच गोष्टीसाठी मला हाकला. पण नोकरी प्यारी होती आणि वर्गही. त्यानं नुसते हात जोडले.

सोमवारी तो हजेरी घ्यायला लागला.

"खुशी?"

खुशी उठली. हनुवटीला पट्टी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले, अगदी त्याच्यासारखे, आणि म्हणाली, "हजर, सर."