ट्रेमधली गाठ

तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तोताराम आबांचं एक मूत्रपिंड काढलं, तेव्हा डॉक्टर थिएटरच्या दारात स्टीलचा ट्रे घेऊन आले होते. काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवायची, ही जळगावच्या त्या दवाखान्याची रीतच. त्यांच्या लेकीने, चारुलताने, मान फिरवली होती. तिच्या मायने, लताबाईंनी, मात्र पदर सावरून नीट पाहून घेतलं, आणि वर्षभर गावी, चोपड्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने माप करून दाखवलं.

आता तोच कॅन्सर दुसऱ्या मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीत पसरला होता. या वेळी पोट न फाडता, दुर्बिणीने ती काढायची होती.

डॉक्टर फार लवकर बाहेर आले. चारुलताला बाजूला घेऊन म्हणाले, "पोटाच्या अस्तरावर सगळीकडे दाणे आहेत. ग्रंथी काढून उपयोग नव्हता. तशीच ठेवून टाके घातले."

चारुलता धुळ्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. दाणे म्हणजे काय, ते तिला विचारावं लागलं नाही. मायला आजच सांगायचं नाही, एवढंच तिने ठरवलं.

संध्याकाळी लताबाईंनी आबांची चादर उचलली. पोटावर तीन छोट्या पट्ट्या.

"इतलंसंच? मच्छर चावना तसं दिसस!"

आबा हसायला गेले आणि कळवळले.

चहाच्या निमित्ताने लताबाईंनी लेकीला जिन्यापाशी नेलं.

"चारू, गाठ दखाडी नई."

"तपासायला पाठवली, माय."

"मागे बी पाठाडी व्हती. पहिले दखाडी, मंग पाठाडी."

चारुलता पर्समध्ये चहासाठी सुटे पैसे शोधू लागली. लताबाईंनी तिच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग चहा न घेताच परत फिरल्या.

आबा वाटच बघत होते. "केवढी व्हती वं?"

चारुलताने तोंड उघडलं, पण लताबाई आधी बोलल्या.

"लिंबूएवढी." त्यांनी अंगठ्याला बोट जुळवून दाखवलं.

"तू दखी?"

"मन्हा डोयाखाल दखी."

"मुळासकट काढी ना? केळीना बुडनं पील वरतून कापं तर परत फुटस."

"मुळासकट," लताबाई म्हणाल्या. "झोपा आते."

आबांनी समाधानाने डोळे मिटले. त्यांचा श्वास संथ झाला, तरी लताबाईंची बोटं तशीच जुळलेली होती.