तंगाखालची बोटे

बुधवार, २८ डिसेंबर १९३८. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी भोरच्या नीरेकाठच्या मैदानावर ज्ञानू वालगुडे घोडीवरून पडला. भाला हातातून सुटून जमिनीत रुतला. जीन फिरून घोडीच्या पोटाखाली गेले होते. घोडी शंभर पावलांवर जाऊन थांबली आणि मागे वळून पाहू लागली.

ज्ञानू पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. कॉलेजच्या अश्वारोहण संघाचे नाताळच्या सुटीतले शिबिर भोरला भरले होते, कारण संस्थानच्या पागेने दहा दिवसांसाठी घोडे दिले होते. १४ जानेवारीला पुण्यात कॉलेजांचे सामने होते. खेळ मेख उचलण्याचा: भरधाव घोड्यावरून वाकायचे आणि जमिनीत रोवलेली लाकडी मेख भाल्याच्या टोकाने उपटून न्यायची. संघात चौघे लागतात आणि शिबिराला पाचच स्वार आले होते. कप्तान उपेंद्र आणि आणखी दोघे ठरलेले होते. चौथी जागा ज्ञानूची की संघाचा चिटणीस केशव घाणेकर याची, हे त्या सकाळी ठरायचे होते. प्रत्येकी तीन धावा होत्या. दोन झाल्या तेव्हा ज्ञानूच्या दोन मेखा होत्या, केशवची एक.

केशव भोरचाच. वडील कचेरीत कारकून, आणि घरात कुणी कधी घोड्याला हात लावलेला नव्हता. संघ त्यानेच उभा केला होता. प्रिन्सिपॉलांकडे अर्ज, पागेकडे अर्ज, नियमांची वही, सगळे त्याच्या हातचे. घोड्यावर बसायला तो दोन वर्षांत पडत-धडपडत शिकला. ज्ञानू जूनमध्ये आला. तो वेल्ह्याकडचा, पासलीचा. वडील रखमाजी तट्टांवर तांदूळ लादून मढे घाटाने कोकणात उतरत. त्या तट्टांच्या उघड्या पाठीवर ज्ञानू लहानाचा मोठा झाला होता. दिवाळीपर्यंत संघात त्याच्या तोडीचा कुणी उरला नाही.

शिबिरासाठी केशवने मैना ही करडी घोडी मागून घेतली होती, अर्जात तिचे नाव घालून. तिसऱ्या दिवशी मानसिंग दफेदारांनी ती ज्ञानूला दिली. मानसिंग रिसाल्यातून निवृत्त झालेले, संघाचे शिक्षक.

"तुमी तिला हाकता, केशवराव," ते म्हणाले. "ह्यो तिला इचारतो."

तेव्हापासून रोज सकाळी मैना ज्ञानूच्या खांद्यावर तोंड ठेवी आणि तो तिला नाचणीच्या भाकरीचा तुकडा देई. केशवने एकदा गुळाचा खडा पुढे केला. मैनेने तो खाल्ला आणि तोंड पुन्हा ज्ञानूकडे वळवले.

मंगळवारी घरी जेवताना केशवची धाकटी बहीण सुलू म्हणाली, "दादा, पासलीचा तो मुलगा मेख उचलतो ना, तेव्हा वाटतं घोडीलाच हवी होती ती."

"तुला काय कळतं घोड्यातलं?"

"तुझ्याइतकंच," सुलू म्हणाली.

आई हसली. केशव ताटावरून उठला नाही, पण पुढे जेवलाही नाही.

संघाची एक रीत होती. धावेआधी प्रत्येकाचा तंग, म्हणजे जीन पोटाखालून बांधणारा पट्टा, दुसऱ्याने तपासायचा. तंग आणि घोड्याचे पोट यांच्यामध्ये बोटे घालून पाहायची. दोन गेली तर ठीक, जास्त गेली तर स्वार उतरणार आणि तंग पुन्हा आवळणार. आकडा मोठ्याने सांगायचा आणि नंतर वहीत लिहायचा. मागच्या वर्षी एक मुलगा पडल्यावर केशवनेच त्यात आणखी एक कलम घातले होते: सैल तंग ठीक म्हणून सांगणाऱ्याने त्या हंगामात घोड्यावर बसू नये.

तिसऱ्या धावेआधी वीस मिनिटे थांबावे लागले. शिट्टी झाली तसा ज्ञानू घाईने स्वार झाला. त्याचा तंग तपासायची पाळी केशवची होती. केशवने हात घातला. चारही बोटे मुळापर्यंत आत गेली. मैनेने मान वळवून पाहिले, केशवकडे नव्हे, वर ज्ञानूकडे.

"दोन," केशव मोठ्याने म्हणाला.

अर्ध्या मिनिटात निशाण पडले.

अकरा वाजता दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की खांद्याचे हाड मोडले आहे, सहा आठवडे लागतील. उपेंद्र बाहेर येऊन केशवला म्हणाला, "वाईट झालं. पण आता चौथा तूच. चौघांची नावं साडेतीनच्या मोटारीने पुण्याला गेली पाहिजेत. यादीबरोबर आजच्या धावांचं पान जोडायचंय, विसरू नकोस."

केशव आत जाऊन ज्ञानूच्या खाटेपाशी बसला. मागोमाग मानसिंग मैनेचा तंग हातात घेऊनच आले. पट्टा कुठे तुटलेला नव्हता.

"बक्कल तिसऱ्या भोकात व्हतं. मैनेचा तंग पाचव्यात बसतो. कुणी सोडला?"

"म्याच, दफेदार," ज्ञानू म्हणाला. "घाटात थांबलं की आमी तंग सैल करतो, जनावराला दम घिऊ देतो. सवयीनं हात गेला."

"कवा? तपासायच्या आदी का मागनं?"

ज्ञानूने केशवकडे पाहिले नाही. "मागनं. केशवरावांनी बघितलं तवा बराबर व्हता."

"एका हातात लगाम, दुसऱ्यात भाला. सोडायला तिसरा हात कुठनं आणलास?"

"पासलीचा हाय मी. तिकडं येखादा जादा असतो," ज्ञानू म्हणाला. तो हसायला गेला आणि खांद्याला कळ लागून थांबला.

मानसिंग केशवकडे बघत राहिले. मग ते गेले.

"खोटं का सांगितलंस?" केशवने विचारले.

"चौघं न्हाईत तर संघ जायाचा न्हाई. चूक माजी बी हाय. पुन्हा आवळायला पायजे व्हता. आन मैना तुमीच घ्या. वळवताना मान वडू नका तिची, तिला न्हाई आवडत. नुस्तं तिकडं बघा, ती वळती."

एवढे ऐकून केशव उठला.

पागेकडे जाताना त्याच्या डोक्यात मोडलेल्या खांद्यापेक्षा ते शेवटचे वाक्यच जास्त होते. जागा ज्ञानूने दिलेली. घोडी ज्ञानूने दिलेली. वळवायचे कसे तेही ज्ञानूने सांगितलेले. १४ तारखेला मेख उचलली तरी ती कुणाची म्हणायची, हे मानसिंगांना कळणार, मैनेला कळणार, आणि बहुधा सुलूलाही.

खरा आकडा लिहिला तर यातले काहीच घ्यावे लागणार नव्हते. केशवला हा विचार बरा वाटला. का बरा वाटला हेही त्याच्या लक्षात आले: मग दवाखान्यातले ते मोठे मन ज्ञानूकडे राहणार नव्हते. पण कलमाप्रमाणे केशव बाद होणार. चौथा कुणी नाही, म्हणजे दोन वर्षे जमवलेला संघ पुण्याला जाणारच नाही. आणि मग लोक म्हणणार, पासलीच्या पोराने संघासाठी खोटेपणा पत्करला, आणि घाणेकराने संघ बुडवला.

वही पागेच्या ओट्यावर होती. त्या दिवसाच्या पानावर त्याने ओळी भरल्या. स्वार: वालगुडे. घोडी: मैना. धाव तिसरी. तपासणारा: के. घाणेकर. पुढचा रकाना बोटांचा होता.

तीनला उपेंद्र आला. "झालं का?"

"होतंय."

"अरे, एक आकडा लिहायला एवढा वेळ?"

मैना आत ठाणावर होती. मोतद्दाराने पुढ्यात टाकलेल्या गवताला तिने सकाळपासून तोंड लावले नव्हते. दवाखान्याकडच्या रस्त्यावर कुणी चालत आले की ती कान टवकारी.

तीन वाजून वीस मिनिटांनी पुण्याच्या मोटारीने पहिला भोंगा दिला. केशव उघड्या वहीसमोर बसलेला होता. टाक त्याच्या हातात होता. बोटांचा रकाना कोरा होता.