हात माझाच होता

उर्वीची गाडी अंगणात येऊन थांबली तेव्हाच मी ओळखलं की ही आता खोटं बोलणार. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "वासरू आडवं आलं हो बाबा." माझ्या या धाकट्या लेकीचं लहानपणापासून हेच. चूक तिची असली की कोणीतरी आडवं आलेलं असतं. शाळेची काच फुटली तेव्हा वारा आला होता.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं पत्रे ठोकले. गाडी कशी आपटली ते चालवणाऱ्यापेक्षा पत्रा जास्त खरं सांगतो. पांढरी मारुती, उजवा दिवा फुटलेला, उजवं मडगार्ड आत गेलेलं. म्हणजे बाईसाहेब वळणावर आपली बाजू सोडून पार पलीकडच्या कडेला गेल्या होत्या, आणि ब्रेक दाबायचं त्यांना सुचलं नव्हतं. तिने याच वर्षी, दोन हजार तीनमध्ये, नवा मोबाइल घेतला आहे. एक हात कुठे होता ते विचारायची गरज नव्हती.

"बरं बरं," मी म्हणालो. "गाडी राहू दे. तू आधी जेवून घे."

बायको थोरलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली होती, नाहीतर तिने उर्वीची चांगली हजेरी घेतली असती. मला ते जमत नाही. त्या काचेच्या वेळी हेडमास्तरांना जाऊन मीच सांगितलं की माझ्या हातून फुटली. शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन तिने स्कूटरने उडवलं तेव्हाही स्कूटरवर मीच होतो, निदान शेजारी आजवर तसंच समजतात. आता ती सत्तावीस वर्षांची आहे, लोट्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे, तिथेच खोली घेऊन राहते. गुरुवारी सकाळी तिला परत जायचं होतं. तेवढे दिवस मला पुरे होते.

रविवारी मी मडगार्ड ठोकून बाहेर काढलं. पत्र्याच्या घडीत लाल, तेलकट असं काहीतरी लागलं होतं. वास घेतला. शेंदूर. थिनरने पुसून टाकला, पुट्टी भरली, घासली, पांढरा रंग मारला. मग माझ्या सवयीप्रमाणे डोळे मिटून वरून तळहात फिरवला. डोळ्याला दिसत नाही तो खळगा हाताला कळतो. एकही खळगा नव्हता, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन चहा टाकला.

सोमवारी भर दुपारी पाहतो तर मडगार्डवर लाल डाग. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. नीट साफ न केलेला लाल पांढऱ्यातून वर येतोच, हे शेंबडा पेंटरही सांगेल. मी स्वतःला चार शिव्या दिल्या, पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडला आणि पुन्हा रंग दिला.

मंगळवारी दुपारी मडगार्ड स्वच्छ होतं. डाग दरवाजावर होता, पुढच्या कडेला, चार बोटं रुंद. दरवाजाला तर काही लागलंही नव्हतं, त्याला मी हातसुद्धा लावला नव्हता. मी तो पुसला तेव्हा फडकं कोरडं राहिलं आणि डाग होता तिथेच राहिला. तो चालवणाऱ्याच्या जागेकडे सरकत होता.

संध्याकाळी मी उर्वीला समोर बसवलं. "खरं सांग, कशावर आपटलीस?"

"दगड होता एक. कलंडला वाटतं."

"कुठे?"

"हातखंब्यावरून इकडे येताना ते मोठं वळण नाही का, तिथे. बाबा, शेंदूर म्हणजे लेड ऑक्साइड. आमच्या लॅबमध्ये बरणीभर आहे. तुम्ही पुसताना पसरवलात, बाकी काही नाही."

त्या वळणावर वाटेच्या राखणदाराचा, शेंदूर फासलेला पाषाण आहे. माझ्या नोकरीच्या काळात एकही चालक तिथे दोनदा हॉर्न दिल्याशिवाय पुढे जात नसे. उर्वी लहान असताना मीच तिला एसटीच्या खिडकीतून तो दाखवून हात जोडायला लावायचो.

"उद्या माझ्याबरोबर चल," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे."

"बाबा, काहीतरीच काय," ती हसली आणि मोबाइल घेऊन ओटीवर गेली. मी आग्रह केला नाही. तिथेच माझं चुकलं, हे मी आज कबूल करतो.

बुधवारी सकाळी डाग दरवाजाच्या मुठीखाली होता. मी स्कूटर काढली आणि त्या पाषाणाची पूजा करणाऱ्या भागोजी गुरवाला मागे बसवून वळणावर गेलो. पोचेपर्यंत बारा वाजले. ऑक्टोबरचं ऊन, रस्ता ओस, झाडात एक पाखरू बोलत नव्हतं. पाषाण गटारात पालथा पडला होता. दोघांनी मिळून तो उभा केला. चार दिवस उन्हात पडलेला दगड हाताला गार लागला.

"गाराना मी घालतो," भागोजी म्हणाला. "पन जेचा हात लागला तेनंच आपल्या तोंडानं सांगाया होवा. पोर खंय तुजी?"

"नाही आली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तुळशीवृंदावनाचं प्रकरण बहुतेक त्यालाही ठाऊक असावं. "परशा, ह्यो काय चौकशी करीत नाय. तू जां सांगशील तां खरां धरतो. नि एकदा धरलान की सोडीत नाय."

"तू घाल गाऱ्हाणं."

भागोजीने हात जोडले. वाटेवरच्या मालकाला हाक मारली, लेकराची चूक पदरात घे म्हणाला, आणि थांबला. आता माझी पाळी होती. डोळ्यांसमोर मला दरवाजाची ती मूठ दिसत होती, आणि त्यावर उर्वीचा हात.

"गाडी मी चालवत होतो," मी म्हणालो. "हात माझाच होता."

वळणाआडून दोनदा हॉर्न वाजला. अगदी जवळून. आम्ही बाजूला सरून उभे राहिलो, पण गाडी काही आली नाही. मी चार पावलं पुढे जाऊन पाहिलं. पलीकडे रस्ता लांबपर्यंत रिकामा होता. भागोजीने आणलेला नारळ न फोडता पिशवीत परत टाकला.

गुरुवारी सकाळी गाडी लख्ख पांढरी होती. उर्वीने दरवाजावरून बोट फिरवलं. "बघा, गेलं ना थिनरने? तुम्ही उगाच घाबरता." मग तिचं लक्ष माझ्या उजव्या तळहाताकडे गेलं. "हे काय लागलं हाताला?"

"प्रायमर," मी म्हणालो.

"नीट धुवा," असं म्हणून ती बसली. फाटकातून बाहेर पडतानाच तिचा एक हात कानाशी गेला होता.

मी धुतला. साबणाने, रॉकेलने, थिनरने. शुक्रवारी दुपारी लाल मनगटाच्या वर आला होता, शनिवारी कोपराच्या वर. दुखत नाही. हात फक्त गार पडलाय, त्या दगडासारखा. परवा शेजाऱ्यांच्या स्कूटरला पोचा आला होता म्हणून डोळे मिटून तिच्या पत्र्यावर हात फिरवला, तर काहीच कळलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला पत्रा कळला नाही. मी तिथेच ओट्यावर बसलो आणि रडलो. घरात कोणी नव्हतं ते बरंच झालं.

आज रविवार. खांदा झाला. दरवाजावरचा डाग कुठे चालला होता ते मी पाहिलंय, आणि हा कुठे चाललाय तेही मला कळतं. त्याची भीती वाटते, नाही कशाला म्हणू. पण लेक वाचली, एवढं धरून मी बसलो होतो.

आत्ता बाराच्या सुमारास फोन वाजला. उर्वी होती.

"बाबा, रागावू नका हं. काल लोट्याच्या अलीकडे डावी बाजू जरा घासली."

"कशाला घासली?"

"दगडच असेल एखादा. मी उतरले नाही बघायला."

रिसीव्हर डाव्या हातात होता, उजव्याने आता काही धरता येत नाही. तिला सांगायचं होतं की पोरी, मागे फिर, उतर, आणि स्वतःच्या तोंडाने सांग. या खेपेला माझं नाव पुढे करायला मी असेन की नाही, मला माहीत नाही. सगळं तोंडाशी आलं होतं.

"बाबा? पुढच्या शनिवारी गाडी आणली तर कराल ना?"

"आण," मी म्हणालो. "करतो मी."