खालचा सूर

“मावशी, तुम्ही नुसते ओठ हलवा,” योश्को पुन्हा म्हणाला. “गाणं आम्ही वाजवतो. आवाज तुमचाच तर आहे.”

संत रोकोच्या उत्सवाची सगळी व्यवस्था योश्कोकडे होती. बंदरावरच्या रंगमंचाच्या पायरीवर एके काळची प्रसिद्ध गायिका दिंका बसून राहिली. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा वरचा सूर गेला तो गेलाच. त्यानंतर राजधानीत, झाग्रेबच्या टीव्हीवर, हॉटेलांत, लग्नांत तिने जुन्या रेकॉर्डवर ओठ हलवूनच दिवस काढले होते. लाजही हळूहळू बोथट झाली होती. पण इथे समोरच्या बाकांवर तिच्याच बेटाची माणसं बसणार होती. लहानपणी चर्चमध्ये ती यांच्याच खांद्याला खांदा लावून गायली होती. त्यांच्यासमोर आपल्या तरुणपणीच्या आवाजाआड लपायचं, हे तिच्याने होईना.

तेवढ्यात पेरिना आली. दिंकाची बालमैत्रीण, सारा जन्म मासे खारवण्याच्या कारखान्यात गेलेली.

“राणीसाहेब आल्या म्हणे. आणि गाणार मात्र यंत्र?”

“तुझ्या जिभेवरचं मीठ काही उतरलं नाही गं.”

“उतरेल कसं? पगारात तेवढंच मिळायचं.”

दोघी हसल्या. मग दिंकाने हळूच विचारलं, “खरंच गायले, तर हसतील का लोक?”

पेरिनाने तिला खोटा धीर दिला नाही. “काही जण हसतील,” ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

ऊन कलल्यावर दिंका माइक हातात घेऊन उभी राहिली आणि तिने योश्कोला हातानेच थांबवलं. त्याचा चेहरा पडला. पहिली ओळ तिच्या घशात फाटली. मागे कोणीतरी खाकरलं.

बेटावर एकट्याने गायची रीत नाही. एकाने चाल उचलायची, बाकीच्यांनी खालून साथ धरायची. दुसऱ्या ओळीला दिंकाने चाल सोडली आणि ती खालच्या सुरावर उतरली, जिथे म्हातारे कोळी साथ धरतात तिथे. वरच्या सुराची जागा रिकामी राहिली. क्षणभर कोणालाच काही कळेना.

मग पेरिनाने बसल्या जागेवरून, मान खाली घालून, चाल उचलली. तिचा आवाज स्वच्छ होता, कुठेही न झिजलेला. पाठोपाठ सगळं बंदर गाऊ लागलं. दिंकाने खालचा सूर शेवटपर्यंत सोडला नाही.

गाणं संपलं आणि टाळ्या पडल्या, तेव्हा साऱ्या माना पेरिनाकडे वळलेल्या होत्या. दिंकाने माइक काखेत धरला आणि तीही टाळ्या वाजवू लागली.