खालचा कप्पा

"दार उघडू नका, ताई! आधी आकडा बघा."

डॉक्टर मॅडम मागून ओरडल्या. प्रयोगशाळेतले नमुने सांभाळणाऱ्या ताईचा हात दाराच्या मुठीवरच थांबला. फ्रीझरच्या दारावर उणे ऐंशी दिसायला हवं होतं. दिसत होतं उणे बावीस, आणि तिच्यादेखत त्याचं एकवीस झालं. सुट्टीत दाराचं रबर खालच्या बाजूने फाटलं होतं. धोक्याची घंटा वाजली असली, तरी ती रिकाम्या प्रयोगशाळेत वाजली होती.

आत मूत्रपिंडाचे शेवईच्या तुकड्याएवढे नमुने होते, बारीक नळ्यांत गोठवलेले. मधुमेहाने ज्यांची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत होती, त्या माणसांनी ते संशोधनासाठी दिले होते. खालच्या कप्प्यातली एक नळी ताईच्या दादाची होती. दादा जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

नमुना दिला त्या दिवशी तो पडल्या पडल्या म्हणाला होता, "यात बघता तरी काय गं, बारके?"

"पेशीत डीएनए असतो ना, तो मूळ मजकूर. त्याची कामापुरती नक्कल निघते, ती आरएनए. त्या नकलेतल्या काही अक्षरांवर पेशी बारीकशी रासायनिक खूण करते. शाळेत बाई वहीत पेनाने टिंब द्यायच्या तशी. अक्षर तेच राहतं. पण ही नक्कल जपायची की टाकून द्यायची, ते खुणेवरून ठरतं. जुनाट आजारात या खुणा बदलतात. त्यामुळेच मूत्रपिंड बिघडतं का, ते शोधतोय."

"म्हणजे माझ्या पोटातल्या बाई चुकीचं तपासतायत!"

"तसंच समज."

"मग ठेव मला तुझ्या फ्रीजमध्ये. जन्मात डोकं थंड राहिलं नाही, निदान मूत्रपिंड तरी राहू दे." हसणं ओसरल्यावर त्याने विचारलं, "उपयोग होईल ना गं माझा?"

"होईल की," ताई म्हणाली होती.

"वरचे कप्पे आधी," आता डॉक्टर मॅडम शेजारच्या फ्रीझरमध्ये जागा करत म्हणाल्या. "त्यांत एकेका माणसाचे आजार वाढण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही नमुने आहेत. खुणा कशा बदलल्या ते त्यांवरूनच कळणार. ती माणसं पुन्हा सुई टोचून घेणार नाहीत."

ताईने जाड हातमोजे चढवले आणि दार उघडलं. पांढरी वाफ पायांवर आली. वर बर्फ अजून कडक होता. खालच्या कप्प्यावरचा मात्र ओलसर चमकत होता.

डबे निघू लागले. ती काढायची, मॅडम लावायच्या. आकडा चढत होता. अर्धं काम झालं तेव्हा मॅडमचं लक्ष तिच्या नजरेकडे गेलं.

"ताई, दादांची नळी खाली आहे ना? काढून घ्या. एका नळीला कितीशी जागा लागते?"

जागा लागत नव्हतीच. पण नळी शोधावी लागणार होती. डबे एकमेकांना चिकटले होते, नळ्यांवरचे आकडे बर्फाखाली गेले होते. दादाचा आकडा तिला पाठ होता. पण तो सापडेपर्यंत दार उघडं राहणार, आणि वरचे उरलेले डबे तापत राहणार. तिने खालच्या कप्प्याला हात लावला. क्षणभर तो तिथेच राहिला.

"दादाचा नमुना एकच आहे, मॅडम. नंतरचा द्यायला तो राहिलाच नाही." तिने वरचा पुढचा डबा ओढला. "धरा. पटकन धरा."

वरचे सगळे डबे पोचले तेव्हा दुसऱ्या फ्रीझरचं दार जेमतेम लागलं. मग ती खालच्या कप्प्यासमोर मांडी घालून बसली. आता घाई नव्हती. नळ्यांवरचं पाणी पुसत तिने दादाची नळी शोधली. आतला बर्फ वितळून द्रव झाला होता. तुकडा तळाशी मऊ पडला होता. त्यातल्या नकला आता तुटत चालल्या असणार, खुणांसकट.

"आता टाकाव्या लागतील," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी टाकू का?"

"नको. तुम्ही चहा घेऊन या. मी टाकते."

मॅडम गेल्या. ताईने जाड हातमोजे काढले, आतले पातळ तेवढे ठेवले. एरवी ही नळी धरताच बोटं ठणकायची. आज ती नुसती गार लागत होती, नुकत्याच धुतलेल्या हातासारखी. ताईने मूठ मिटली आणि आतली नळी कोमट होईपर्यंत तशीच बसून राहिली.