चालू राहिलेला खटका

त्या दिवशीची सकाळ रोजच्यासारखीच उजाडली. बाईंनी साडेसहाला केस विंचरले, बुटांवरून फडका फिरवला, खिडकीपाशी उभ्यानेच चहा घेतला. भिंतीपलीकडे धाकटा भाऊ आणि भावजय कशावर तरी हसत होते. इतक्या वर्षांच्या संसारातही या दोघांना सकाळी सकाळी हसायला काय मिळतं, देव जाणे! बाईंनी बादली जरा आपटूनच खाली ठेवली. हसू थांबलं. बाईंना बरं वाटलं. या बरं वाटण्याला त्या ‘घरातली शिस्त’ म्हणत.

त्या निघाल्या तशी भावजय दारात आली. “वन्सं, डबा पिशवीत ठेवलाय. जेवाल ना वेळेवर?”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?” म्हणून बाई जिना उतरल्याही.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुख्य होत्या. आज फोन खिशात घेऊन हिंडणाऱ्यांना त्या खोलीची कल्पना यायची नाही. लांबलचक बोर्ड, त्यावर शेकडो भोकं आणि इवले दिवे, समोर उंच खुर्च्यांवर चोवीस मुली. दिवा लागला की दोरी खोचायची, “नंबर?” विचारायचं, दुसरी दोरी खोचायची. अख्खं शहर त्या बोटांमधून बोलत असे. मुलींना नावं असून नसल्यासारखी, खुर्चीचा नंबर तेच नाव. मागे काचेच्या केबिनमध्ये बाई. तिथून त्यांना कुठल्याही बोर्डावरचं बोलणं ऐकता येई, आणि एक लाल खटका दाबला की त्यांचा आवाज चोवीसही कानांत एकदम जाई. “पाठी सरळ.” “आवाज खाली.” आपल्या बोर्डावरचा खटका चालू ठेवून विसरणाऱ्या मुलीला त्या दिवसभर उभं ठेवत. पाठीमागे मुली त्यांना ‘तिसरा कान’ म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. नुसत्या “नंबर?” वरून कोण घरी भांडून आली, कोण उपाशी आहे, कुणाला ताप आहे, हे बाई सांगत.

एक नियम मात्र असा होता, की तो कुणाला कधी नियम वाटलाच नाही. लग्न झालं की खुर्ची रिकामी. वर्षानुवर्षं मुली मान खाली घालून जात, नव्या येत. कचेरी म्हणे, लग्न केलंस तर काम नाही. घर म्हणे, काम सोडलंस तर आमचं काय? अडकित्त्यातली सुपारी व्हावी तशी मुलगी मधे.

बाई त्या अडकित्त्यातूनच इथवर आल्या होत्या. बावीस वर्षांपूर्वी तारा जोडणारा एक लाइनमन त्यांच्यासाठी तीन वर्षं थांबला होता. आई म्हणाली होती, “धाकट्याचं शिक्षण होऊ दे. एकच वर्ष थांब.” एकेक करता तीन वर्षं झाली. लाइनमनने दुसरीकडे संसार थाटला. धाकटा शिकला, त्याचं लग्न झालं, आई गेली, आणि बाईंची खुर्ची काचेच्या आत गेली.

दोन महिन्यांपासून बारा नंबरचा आवाज बदलला होता. मुलगी हुशार, बोटं विजेसारखी. पूर्वी आवाज कोरा असायचा. आता त्यात एक भरलेपण आलं होतं. बाईंच्या कानाला ते कुसळासारखं टोचे. आणि रोज सव्वा वाजता एका छापखान्यातून तिच्याच बोर्डावर फोन येई.

“वेळ सांगता का?” पुरुषाचा आवाज.

“सव्वा वाजलाय.”

“आभारी आहे.”

संपलं. यात नियम मोडण्यासारखं काही नव्हतं. पण “आभारी आहे” नंतर दोघं दोन श्वास गप्प राहत, मग दोरी निघे. बाई ते दोन श्वास ऐकत. पुढे पुढे एक वाजल्यापासूनच त्यांचं लक्ष घड्याळाकडे जाई. आपण तपासणी करतो, असं त्या स्वतःला सांगत. डबा मात्र पुष्कळदा तसाच घरी परत जाई.

त्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी मुली कुजबुजू लागल्या. बाईंनी लाल खटका दाबला. “आवाज खाली.” आणि सव्वा चुकायला नको म्हणून घाईघाईने बारा नंबरची लाइन कानाला लावली. वेळ, आभार, दोन श्वास. आज तीन होते. बाईंनी केबिनची काच बोटाने वाजवली आणि तिला आत बोलावलं.

“लग्न केलंस?”

“हो, बाई. दोन महिने झाले.”

“नियम ठाऊक नव्हता?”

“होता. म्हणून तर सांगितलं नाही.”

“वा! तोंड वर करून सांगतेस! नवराही हवा, खुर्चीही हवी. दोन दगडांवर पाय ठेवून कुणाचं भलं झालंय?”

“बाई, घरी सासूबाई म्हणतात, कर काम. हे म्हणतात, कर. आणि मला हे काम येतं हो. दुसरं काहीच मला इतकं चांगलं येत नाही. माझ्या हातून एक तरी चूक झाली का?”

“झाली ना! तो रोज वेळ विचारतो. छापखान्यात घड्याळ नाही?”

“आहे.”

“मग?”

बारा नंबरने मान खाली घातली. “ते वेळ नाही विचारत, बाई. जेवलीस का, ते विचारतात.”

बाईंच्या तोंडून पुढचं कसं निघालं, त्यांनाच कळलं नाही. “आणि आम्ही काय वेड्या होतो? आम्हाला कुणी भेटलं नव्हतं? तीन वर्षं उभा होता माणूस त्या फाटकाशी! आम्ही सोडलं. मग तुला का मिळावं दोन्ही? उद्या तुला काढायचा फॉर्म भरते. जा! तुझ्यावाचून इथं कुणाचं अडत नाही.”

मुलगी वळली. तेव्हा बाईंना काचेपलीकडचं दिसलं. बोर्डावर पन्नासेक दिवे पेटलेले, आणि एकही हात हलत नव्हता. त्यांची नजर टेबलावर गेली. लाल खटका चालूच होता.

चहाच्या खोलीत सात नंबर एकटीच बसली होती. बाईंच्याच वर्षी लागलेली, बाईंसारखीच एकटी, बाईंना अगंतुगं करणारी शेवटची उरलेली.

“सगळं ऐकलंत तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“खटका तुझा, कान आमचे. न ऐकून सांगतो कुणाला?”

“हसल्या असतील.”

“कुणी हसलं नाही. अठरा नंबर रडली. तिचंही ठरलंय म्हणे.” सात नंबरने कप विसळला. “शब्दांवरून नव्हे, आवाजावरून माणूस ओळखा, असं तूच शिकवलंस ना? आज आम्ही ओळखला.”

“राग आला होता मला.”

“राग नव्हता तो.”

“मग काय होतं?”

“ते तू सांग. आमचे कान साधे. तिसरा तुझा.”

बाई घरी चालत गेल्या. वाटभर स्वतःचाच आवाज कानात वाजत होता, आणि दुसऱ्या कुणाचा असता तर त्यांनी तो पहिल्या शब्दाला ओळखला असता. हेवा. निव्वळ हेवा. त्या मुलीचा, त्या दोन श्वासांचा, सकाळी भिंतीपलीकडे हसणाऱ्यांचासुद्धा. ‘जेवलीस का’ असं आपल्याला बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

दार भावजयीने उघडलं. हातातून पिशवी घेतली, तिचं वजन जाणवलं तशी म्हणाली, “आजही जेवला नाहीत ना, वन्सं?”

बाई उंबऱ्यातच थांबल्या. आजही? ही बाई रोज विचारत होती. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. साऱ्या शहराच्या आवाजातलं ऊनपाऊस ओळखणाऱ्या कानाला आपल्या दारातला आवाज टोमणा वाटत आला होता.

“नाही जेवले,” बाई म्हणाल्या. “वाढतेस का? आणि... सकाळी हसत होतात, ते कशाला गं?”

भावजय आधी घाबरली. मग सांगितलं. नवऱ्याने एका पायात निळा, दुसऱ्यात तपकिरी मोजा घातला होता, इतकंच. बाई हसल्या. हसता हसता रडल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर त्यांनी फॉर्म ठेवला.

“हा कोरा आहे,” साहेब म्हणाले.

“बारा नंबरचं लग्न झालंय. तिला काढायच्या कागदावर मी सही करणार नाही.”

“बाई, नियम तुम्हीच तर पाळलात इतकी वर्षं! वीसपंचवीस मुलींना तुमच्याच सहीने निरोप दिलाय.”

“एकतीस. प्रत्येकीचा आवाज आठवतो मला. त्यातली एकही काम येत नाही म्हणून गेली नाही.”

“तुमची खुर्ची जाईल.”

“जाऊ द्या. मात्र कारणाच्या रकान्यात खरं लिहा.”

केबिनमध्ये येऊन बाईंनी लाल खटका दाबला. या वेळी जाणूनबुजून. चोवीस पाठी आपोआप सरळ झाल्या.

“काल मी बारा नंबरला जे बोलले, ते नियमासाठी नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. बारा नंबर, माझं चुकलं.” त्यांचा आवाज चिरकला, तो त्यांनी सावरला नाही. “या नियमाविरुद्ध मी अर्ज लिहिणार आहे. सही करायची सक्ती नाही. पाठी... बसा कशाही.”

संध्याकाळी त्या जुनी नोंदवही घेऊन बसल्या आणि एकतीस जणींचे पत्ते उतरवू लागल्या. काही पत्रं परत आली. काहींच्या घरून उत्तर आलं, की आमच्या सुनेला असल्या भानगडीत ओढू नका. एकोणीस सह्या मात्र आल्या, आणि त्यांच्याखाली खोलीतल्या चोवीस.

वरच्या कचेरीने आधी बाईंनाच शिक्षा केली. केबिन काढून घेतली आणि पुन्हा बोर्डावर बसवलं, तेरा नंबरवर. बारा नंबरला ‘निर्णय होईपर्यंत’ ठेवलं. निर्णयाला दोन वर्षं लागली. नियम गेला. कागदावरून गेला, एवढंच. अमुक मुलीचं लग्न ठरलंय, तिला बढती कशाला, असं म्हणणारी माणसं अजून आहेत; त्यांत बाया आहेत, आणि ‘आम्ही नाही का सोसलं’ हे वाक्य त्यांच्या तोंडी आहे. ते म्हणताना आपला आवाज एकदा ऐकावा, इतकंच मागणं.

तेरा नंबरच्या खुर्चीवर बाई निवृत्त होईपर्यंत बसल्या. शेजारच्या बोर्डावर सव्वाचा दिवा लागला, की त्या हेडफोन काढून ठेवत, पाठ वळवत आणि भावजयीने दिलेला डबा उघडत.