जास्मिनची प्रॅक्टिकल

जास्मिन लेखी परीक्षा पास झाली होती. प्रॅक्टिकल तेवढी निघाली की मोजणी सहायकाचं प्रमाणपत्र हातात. त्यासाठी संस्थेनं उमरग्याबाहेर एक पडीक रान निवडलं होतं. तिथं कुणाचं काही नाही, परीक्षा निवांत होईल, असं परीक्षक माणिकप्पा सरांना वाटलं. या भागात राहून माणसानं असं वाटून घेऊ नये.

जास्मिननं पहिली खुंटी ठोकली, तिच्यावर तिपाई रोवली, वर यंत्र बसवलं. डोळा लावायच्या आत शेजारच्या हरभऱ्यातून नागूबाई खुरपं घेऊन आल्या, पलीकडून गुंडाप्पा. दोघांचं बांधावरून वाकडं होतं.

"मोजणी आली न् आमाला नोटीस न्हाय?" नागूबाईंनी विचारलं.

"मोजणी नाही आजी, परीक्षा आहे. माझी."

"तुझी परीक्षा आमच्या बांधाला कशापायी?"

"ती खुंटी दोन हात तिकडं सरकव पोरी," गुंडाप्पा समजुतीनं म्हणाले. "परीक्षेत तेवढं चालतं."

यंत्रासमोर मापाच्या काठ्या धरायला दिलेला संस्थेचा माणूस खुरपं बघून चहाला गेला. सर जीपमध्ये बसले आणि काच वर केली. जास्मिनला आधी रडू आलं, मग राग. परीक्षेचा वेळ तर चालूच होता.

"आजी, ही काठी धरा. काका, तुम्ही ही. काठीवरचा हा बुडबुडा गोलात राहिला पाहिजे. ज्याचा हलला, त्याचं माप चुकलं."

यात खोटं काही नव्हतं. ते माप कुणाच्याच कामाचं नाही, एवढंच तिनं सांगितलं नाही.

दोघं दगडासारखे उभे राहिले. गुंडाप्पांच्या नाकावर माशी बसली, त्यांनी हाकलली नाही. जास्मिन सांगेल त्या कोपऱ्यावर दोघं मुकाट जात राहिले. सगळं रान फिरून ती पहिल्या खुंटीवर आली, तेव्हा सुरुवातीच्या आणि शेवटच्या मापात नखाएवढाच फरक होता.

"मग बांध कुनाकडं निघाला?" नागूबाईंनी विचारलं.

"कुणाकडंच नाही. परीक्षा होती ना, आजी."

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. गुंडाप्पा जीपला आडवे झाले, नागूबाईंनी खुरप्यानं काच वाजवली. सरांनी ती बोटभर उघडली.

"जास्मिन, यांना काहीतरी सांग."

"सांगते सर. आधी निकाल लिहा."

"बाहेरच्यांच्या हातात काठी दिलीस. नियमात बसत नाही."

"आतला माणूस चहाला गेलाय, सर."

काच पुन्हा वाजली. सरांनी 'उत्तीर्ण' लिहिलं आणि सही केली.

मग जास्मिननं दोघांना तालुक्याला मोजणीचा अर्ज कसा करायचा ते नीट समजावलं.

"तवा तूच ये मोजायला," नागूबाई म्हणाल्या.

"मला अजून नोकरी नाही, आजी."

"मग आत्ता पास झालीस ते कशाला?"

"नोकरी मागायला."

नागूबाईंनी तिच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि हरभऱ्याचे डहाळे उपटून तिच्या ओढणीत टाकले. ते बघून गुंडाप्पा लगबगीनं आपल्या रानात गेले, आणखी मोठे आणायला.